वर्ण-जातीचा अभ्यास सुरू करताय? आधी लेणी बघा

मनुस्मृती उघडून सुरुवात करू नका, एवढं माझं ऐका. मीही तेच केलं होतं आणि वर्षभर असं धरून चाललो की लोक खरंच त्या बरहुकूम जगत होते. ग्रंथ सांगतो ते ‘असं असावं’. प्रत्यक्षात काय होतं, ते बघायला नाशिकची पांडवलेणी चढा.

तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असं ती अभिमानाने सांगते. आता गंमत बघा. त्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक घराण्यातली, म्हणजे बाहेरून आलेल्या शकांची लेक! हे कान्हेरीच्या लेखात आहे. दावा एक, सोयरीक दुसरी.

मग दहा नंबरच्या लेण्यात जा. शक राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे (म्हणजे व्यावसायिक संघाकडे) 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. विणकरांकडे एवढी रक्कम कायमची ठेवायची म्हणजे त्यांची पत काय असेल! कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावचा अत्तरविक्या सिंहदत्त दार दान करतो, तेव्हा तो ‘गंधिक’ एवढीच ओळख कोरतो. वर्ण नाही सांगत.

पण म्हणून ‘तेव्हा सगळं सैल होतं’ असंही लिहू नका. दान कोरून घेण्याची ऐपत नसलेल्यांचा आवाज या भिंतींवर नाहीच. आणि वर्ण चार, जाती असंख्य. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत, तर पुढचं सगळं गणित चुकेल.