पावसाळ्यात घरातली हवा कोंदट का होते? काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घर खानापूरजवळ आहे, जूनपासून कुबट वास येतो आणि मुलाला रात्री खोकला लागतो. आधी कपाट भिंतीपासून ओढून मागे बघा. आमच्या जांबोटीच्या घरात कपाटामागे काळे-हिरवे ठिपके पार छतापर्यंत चढले होते. ती बुरशी. तिच्यावर रंग मारून काही होत नाही, महिन्याभरात परत वर येते. कौल फुटलंय का, पन्हाळ तुंबलंय का ते बघून ओल बंद करा, मग साबणाच्या पाण्यानं घासून भिंत खडखडीत वाळवा. कपाट वीतभर पुढेच ठेवा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका, सोप्यात दोरी बांधा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला आळा बसतो.

आता रात्रीचा खोकला. डासांची कॉईल लावून खिडक्या बंद करता का? एक कॉईल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. कॉईल आजच बंद करा, मच्छरदाणी लावा. उदबत्ती, धूपही थोडे दिवस बाहेर तुळशीपाशीच.

चूल असेल तर धुराडं साफ करा, गॅसवर फोडणी देताना खिडकी उघडी हवी.

बंद न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर तो आधी बाहेर काढून बसवा. त्यात गॅस जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वासच नसतो, माणूस आतच बेशुद्ध पडतो.

खोकला आठवड्यात थांबला नाही तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. छातीत घरघर असेल तर आजच न्या.