खेळ आणि वैद्यकीय शिक्षण एकत्र करू पाहणाऱ्यास
व्यावसायिक फुटबॉल खेळत असतानाच डॉक्टर होण्याचा तुमचा निश्चय वाचून मनापासून आनंद झाला. मात्र आधी ब्राझीलचे फुटबॉलपटू तोस्ताव यांचे आयुष्य नीट पाहा. १९६९ मध्ये चेंडू डोळ्यावर आदळून त्यांचे दृष्टिपटल सुटले, शस्त्रक्रियेनंतर ते १९७० च्या विश्वविजेत्या संघात खेळले आणि १९७३ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, डोळ्याच्याच त्रासामुळे मैदान सोडून ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. ब्राझीलचेच दुसरे फुटबॉलपटू सॉक्रेटिस यांनी वैद्यकीय पदवी खेळता खेळताच घेतली, हे खरे. पण कोरिंथियन्स या ब्राझीलमधील मोठ्या क्लबकडे ते १९७८ मध्ये, म्हणजे पदवीनंतर गेले, आणि आधी पदवी, मग मोठा क्लब हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. शवविच्छेदनाचे बुडलेले तास दुसऱ्याच्या वहीवरून भरून निघत नाहीत, म्हणून संघाशी करार करतानाच हजेरीचा प्रश्न लेखी मिटवून घ्या.