'मिसिसिपी मसाला' सिनेमा नेमका कशावर आहे, बघावा का?

नक्की बघा. मीरा नायरचा १९९१ चा सिनेमा. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकलून दिलेलं एक भारतीय कुटुंब पुढे अमेरिकेत मिसिसिपीला येतं आणि तिथं त्यांची मुलगी मीना डेमेट्रियस नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाच्या प्रेमात पडते (डेन्झेल वॉशिंग्टनने काय सुंदर काम केलंय!). त्याचा धंदा मोटेलांमधली कार्पेट साफ करायचा, आणि ती मोटेल सगळी आपल्या भारतीय लोकांची, त्यामुळे दोघं बिलॉक्सी या समुद्रकाठच्या गावी एकत्र सापडल्यावर त्याची कामं बंद, वर बँकपण कर्जासाठी मागे लागते, म्हणजे प्रेम दोघांनी केलं आणि पोटावर पाय एकट्याच्या. मला सगळ्यात लागला तो मीनाचा बाप, रंगामुळे स्वतःचं घर गेलेलं असूनही तो डेमेट्रियसला रंगावरूनच नाकारतो. बापाच्या भूमिकेतल्या रोशन सेठ यांचं काम त्यासाठी तरी बघाच.