सूक्ष्मदर्शकाशिवाय रानफुलं उघडून वनस्पती ओळखायला शिकता येतं का?

सूक्ष्मदर्शक नसताना फुलं उघडून रचना कळेल का आणि त्याने ओळख पटवायला मदत होईल का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर हो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, दाढीचं पातं, टोकदार चिमटा, दोन सुया आणि एक काळा कागद एवढं पुरतं. पातं मात्र कोरं हवं. बोथट पात्याने अंडाशय (पुढे ज्याचं फळ होतं तो भाग) कापला न जाता चेंगरतो आणि आतले कप्पे ओळखू येत नाहीत.

एकाच झाडाची तीन फुलं घ्या: उमलायच्या बेतातली कळी, पूर्ण उमललेलं फूल आणि पाकळ्या गळून अंडाशय जरा फुगलेलं फूल. परागकोश (परागकणांच्या पिशव्या) कळीतच शाबूत दिसतात, तर बीजांडं (ज्यांच्या पुढे बिया होतात) गळत्या फुलात ठसठशीत दिसतात. आणताना पाण्यात बुडवू नका, पाकळ्या एकमेकींना चिकटतात. बंद डब्यात ओलसर कागदावर ठेवा. बागेतली भरगच्च पाकळ्यांची फुलं सरावाला घेऊ नका. त्यात बऱ्याचदा पुंकेसरांच्याच (टोकाला परागकोश असलेल्या तंतूंच्याच) पाकळ्या झालेल्या असतात आणि मोजणी फसते. एकदांडीही आत्ता नको, कारण तिचं एक ‘फूल’ म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ.

उमललेलं फूल बाहेरून आत सोडवत जा: निदलं (कळीला बाहेरून झाकणारी, बहुधा हिरवी दलं), पाकळ्या, पुंकेसर, शेवटी जायांग (अंडाशयासकट मधला स्त्रीभाग). प्रत्येक वेढ्याला तेच प्रश्न: किती आहेत, सुटे की जुळलेले, आणि दुसऱ्या वेढ्याला चिकटलेत का? पाकळ्यांची नळी असेल तर ओढून काढू नका, सुईने उभी चिरून पसरा. पुंकेसर बहुधा नळीच्याच आतल्या बाजूला चिकटलेले असतात, ओढलं की सगळं एकदम हातात येतं आणि ते कुठे जोडलेले होते हे कळत नाही. कळी देठापासून उभी कापा, म्हणजे अंडाशय पाकळ्यांच्या वर आहे की खाली ते दिसेल. तिसऱ्या फुलाचा अंडाशय मधोमध आडवा, एका झटक्यात कापा आणि वर पाण्याचा थेंब ठेवा.

माझ्या मते ओळखीचा खरा निकाल या आडव्या कापात लागतो. धोतरा आणि पिवळा धोतरा ही जोडी घ्या. नावामुळे सख्खे वाटतात. पिवळ्या धोतऱ्याच्या अंडाशयात एकच पोकळी असते आणि बीजांडं बाहेरच्या भिंतीला लागलेली असतात: अफूचं कुळ. धोतऱ्याच्या अंडाशयात पडदे असतात आणि बीजांडं मधल्या भागाला लागलेली असतात: वांग्याचं कुळ. पुंकेसरही हेच सांगतात. धोतऱ्यात पाच, पिवळ्या धोतऱ्यात भरपूर. दोन्ही विषारी आहेत, म्हणून कापल्यावर हात साबणाने धुवा. धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला तर बाहुली विस्फारते.

पुढचा सराव तूर आणि खुळखुळा यांच्या फुलांवर करा. दोन्ही पिवळी, दोन्ही फुलपाखरी: एक मोठी पाकळी, दोन बाजूच्या आणि खालच्या दोन जुळून झालेली होडी. होडी सुईने अलगद उघडा. तुरीत नऊ पुंकेसरांचे तंतू जुळून खोबण झालेली असते आणि दहावा मोठ्या पाकळीकडच्या बाजूला सुटा असतो. तो केसासारखा असल्यामुळे काळ्या कागदावरच दिसतो. खुळखुळ्यात दहाही तंतू बुडाशी जुळलेले, आणि परागकोश दोन तऱ्हेचे: पाच लांबट, पाच आखूड. हा फरक बघायला कळीच उघडा.

आकडे तीन-चार फुलांत ताडून मगच लिहा, एखादं फूल मूळचंच विचित्र असू शकतं. फुलातून बहुधा कुळ ठरतं. जातीपर्यंत जायला पानांची मांडणी, उपपर्णं (पानाच्या देठाच्या बुडाशी असलेली छोटी पानं) आणि खोडावरची लव लागते, तेव्हा फूल खुडण्याआधी पानांसकट फांदीचा फोटो काढून ठेवा. आणि आसपास त्या जातीची दोन-चारच झाडं दिसली, तर नुसत्या फोटोवरच थांबा.