टेंडनमध्ये स्वतःचे स्टेम सेल असतात ना, मग टाचेमागचं दुखणं आपोआप बरं का होत नाही? वडिलांना स्टेम सेलचं इंजेक्शन द्यावं का?

देऊ नका, निदान आत्ता तरी नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हाच वाद माझा माझ्या सख्ख्या भावाशी झालाय, अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात, स्टेम सेल (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) असतात हे खरंय, २००७ मध्ये माणसाच्या आणि उंदराच्या टेंडनमधून ते वेगळे काढून दाखवले गेले. पण असतात अगदी थोडे, आणि त्यांचं पुढे काय व्हायचं ते आजूबाजूच्या मटेरियलवर ठरतं. ज्या उंदरांत बायग्लायकॅन आणि फायब्रोमॉड्युलिन ही दोन प्रोटीन नव्हती त्यांच्या टेंडनमध्ये चक्क हाड तयार व्हायला लागलं. म्हणजे नुसती पेशी असून भागत नाही, जागा धड लागते, आणि जुनाट दुखरा टेंडन म्हणजे नेमकी बिघडलेली जागा. तिथे बाहेरून आणखी पेशी सोडल्या तर त्या काय होतील याची हमी कोण देणार?

शिवाय मोठ्या माणसात टाचेमागच्या या टेंडनचा (अकिलीस टेंडनचा) गाभा जवळपास नवा होतच नाही. १९५५ ते ६३ च्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन वाढला होता, तो टेंडनमध्ये किती सापडतो हे डेन्मार्कमध्ये मोजलं, २०१३ ला छापून आलं, आणि दिसलं असं की साधारण सतराव्या वर्षापर्यंत जो गाभा बनला तोच पुढे राहतो. दुरुस्ती होते ती जास्त करून बाहेरच्या आवरणाकडून, आणि तिथेही टेंडनच्या पेशी आणि व्रणाच्या पेशी यांची चढाओढ असते. बऱ्याचदा व्रणच जिंकतो.

आता दादाचं. तो साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करत होता, रोज यवतेश्वरचा घाट चढायचा, आणि चढावर टाचेमागे सगळ्यात जास्त ताण येतो. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत टाकायची अशी अवस्था झाली. मी व्यायाम सांगितला तर म्हणे "पायरीवर उभं राहून कुठे शीर भरते का", आणि एका क्लिनिकमध्ये जाऊन पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी टोचून घेतल्या. एफडी मोडली त्यासाठी. दुखणं होतं तिथंच. मग आईने दम भरला तेव्हा व्यायाम सुरू केला: जुन्या घराची दगडी पायरी, हाताने खिडकीचे गज धरलेले, पायाचा चवडा पायरीच्या कडेवर, टाच हळूहळू खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, प्रत्येकी १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या. हा प्रोग्राम माझा नाही, स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जनचा आहे, १९९८ चा. त्यांचा स्वतःचाच टेंडन दुखत होता.

दादा आज पळतो आणि सगळ्यांना सांगतो "इंजेक्शनने बरा झालो, गुण यायला वेळ लागला इतकंच". मला याचाच राग आहे. सुई टोचली तेव्हा काही झालं नाही, ताण द्यायला लागल्यावर झालं, मग श्रेय सुईला कसं? त्याचं ऐकून त्याच्या ग्रुपमधले आणखी लोक पैसे भरायला निघाले होते. टेंडनच्या पेशींना काय बनायचं ते ताण सांगतो, उंदरांना बेताचं पळवलं तर टेंडनच्याच पेशी वाढतात आणि अति पळवलं तर चरबी, कूर्चा आणि हाडाची जीन्स चालू होतात. घाट अति होता, पायरी बेताची होती, एवढं साधं आहे हे. पीआरपीचीही (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट गोळा करून टोचतात ते) अशीच हवा होती, २०१० मध्ये याच टेंडनवर सलाइनच्या इंजेक्शनशी तुलना केली तर फरक निघाला नाही.

हां, आता हेही सांगते की स्टेम सेल म्हणजे सगळं थोतांड असं मी म्हणत नाहीये. शर्यतीच्या घोड्यांमध्ये उपचारानंतर टेंडन पुन्हा दुखावण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलंय, माणसांवरही काम चालू आहे. पण आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे असले उपचार मान्यता मिळालेल्या ट्रायलमध्येच करता येतात. तुमच्या डॉक्टरांना सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी नंबर विचारा, नंबर नसेल तर उठून या.

आणि टाचेला लागूनच, हाडाच्या जोडावर दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करायचं. वडिलांनी एवढ्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का ते बघा, या अँटिबायोटिकने टेंडन कमजोर होतो, स्टेरॉइडही सोबत चालू असेल तर जास्तच, तेव्हा ते डॉक्टरांना आधी सांगा आणि मगच व्यायाम. मागून कुणी काठी मारल्यासारखा फटका बसून चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे न्या.