थिबा, थिबॉ की थीबाव?

प्रश्न असा आहे: रत्नागिरीतल्या राजवाड्याविषयी लिहिताना राजाचं नाव 'थिबा', 'थिबॉ' की 'थीबाव' लिहावं? आणि त्याचा देश ब्रह्मदेश की म्यानमार?

मराठीत 'थिबा'च लिहावं. बर्मी उच्चारात शेवटचा स्वर 'ऑ'च्या जवळ जातो, हे खरं. पण इंग्रजांनी त्याला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, तेव्हा मराठी जिभेवर 'ऑ' रुळलेला नव्हता. डॉक्टरचा डाक्तर झाला, ऑफिसचं हापिस झालं, त्याच वळणाने थिबॉचा थिबा. राजा तिथेच १९१६ साली वारला, त्याची समाधीही तिथेच आहे. इतक्या वर्षांच्या सहवासाने घडलेलं रूप इंग्रजी स्पेलिंग पाहून का सोडावं? 'थीबाव' तर निव्वळ स्पेलिंगचं वाचन आहे, ते सोडूनच द्या.

मला याहून मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. थिबा हे मुळात गावाचं नाव! ब्रह्मदेशाच्या पूर्वेकडच्या शान प्रदेशातलं हे गाव, शान भाषेत सीपॉ. बर्मी राजपुत्र गावांच्या नावांनी ओळखले जात. थिबाचे वडील मिंडन आणि चुलते पगान यांची नावंही तशीच. बर्मी भाषेत 'मिन' म्हणजे राजा. म्हणजे तिकडचा 'थिबा मिन' आणि आपला 'थिबा राजा', शब्दांचा क्रमसुद्धा तोच.

देशाचं नाव काळ पाहून लिहावं. नोव्हेंबर १८८५ मध्ये थिबाचं राज्य गेलं ते ब्रह्मदेशातलं. २०१२ साली राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याचा राजवाडा पाहायला आले ते म्यानमारहून, कारण इंग्रजीतलं अधिकृत नाव १९८९ मध्ये बदललं. बर्मी भाषेत मात्र 'म्यन्मा' आणि 'बमा' ही दोन्ही रूपं जुनीच. पहिलं ग्रांथिक, दुसरं बोलीतलं.

जाता जाता थिबाच्या राजधानीविषयी, म्हणजे 'मंडाले'विषयी. मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत असतानाच, १९०८ ते १९१४ या काळात, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांच्यामुळे हे नाव मराठीत घरोघरी पोचलं. बर्मी उच्चाराचा शेवटही 'ले' असाच आहे, तेव्हा त्याचं 'मँडलय' करू नये.