स्कूबाचं किट हप्त्यावर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शनिवारी सकाळी दोन डाइव्ह, मग ग्रुपबरोबर निवांत ब्रंच आणि संध्याकाळी आठ किलोमीटर धावणं, असा दिवस तुम्ही महिन्यातून एकदा-दोनदा जगता. बाकीच्या शनिवारी डाइव्ह नसली तरी ब्रंच असतोच. दर वेळी किट भाड्यानं घेण्याचा कंटाळा आलाय, म्हणून पूर्ण किट २४ हप्त्यांत घ्यायचा विचार आहे. भाडं वाचून साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतील, असं तुम्ही मांडलंय.

माझं उत्तर: आत्ता हप्त्यावर घेऊ नका. डायव्हिंग मात्र अजिबात कमी करू नका. आठवडाभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला असा दिवस मिळत असेल, तर त्यावर खर्च झालेला पैसा मला वाया गेलेला वाटत नाही.

हातात येणारा तुमचा महिन्याचा पगार १०० धरतो, म्हणजे तुम्ही पाठवलेले आकडे पटकन समजतील. किटची किंमत १५०. वार्षिक १८ टक्के दरानं २४ हप्ते म्हणजे महिन्याला साधारण साडेसात, एकूण १८०. हे ३० जादा तुमच्या हिशोबात धरलेले आहेत. पण भाड्याची बाजू पुरी धरलेली नाही. किटचं भाडं दिवसाला ३, वर्षाला १८ दिवस, म्हणून ५४ वाचणार असं तुम्ही धरलंत. तुमच्या यादीत सिलिंडर आणि वजनं नाहीत. ती भाड्यानंच घ्यावी लागतील आणि त्यांचा दिवसाला १ जातच राहील. म्हणजे वाचणार ३६. त्यातून रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) आणि बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) यांच्या सर्व्हिसिंगचे वर्षाचे ९ वजा करा. उरले २७. या वेगानं १८० वसूल व्हायला साडेसहा वर्षांहून जास्त लागतात.

तेही १८ दिवस खरोखर पाण्यात गेलात तर. समुद्र खवळतो, कान दुखतो, ऑफिसचं काम शनिवारी येऊन पडतं. वर्षाला १० दिवसच जमले तर वाचणारे फक्त ११, आणि वसुलीला सोळा वर्षं. रेग्युलेटर कपाटात पडून राहिला तरी त्याची सर्व्हिसिंग चुकत नाही. वेटसूटचं, म्हणजे पाण्यात ऊब देणाऱ्या अंगभर पोशाखाचं, निओप्रीन रबर वापरानं आणि वयानं पातळ पडत जातं, ऊब कमी होते. सोळा वर्षं तो टिकणार नाही.

हप्त्याचा खरा त्रास दुसरीकडे आहे. तुम्ही महिन्याला १० वाचवता. त्यातले साडेसात हप्त्यात जातील. आणि आपत्कालीन निधी जेमतेम एका महिन्याच्या खर्चाइतका आहे. नोकरीत दोन महिन्यांचा खंड पडला तर किट विकावं लागेल, आणि वापरलेल्या किटला नव्याच्या जवळपासही किंमत येत नाही.

आता वीकेंडवर महिन्याला जाणाऱ्या तुमच्या २१ कडे बघू. डायव्हिंगला ९ (बोट आणि भाडं मिळून, वर्षाची सरासरी), धावण्याला बूट आणि स्पर्धांची फी धरून २, आणि ब्रंचला १०. म्हणजे पाण्याखाली जाण्यापेक्षा पाण्याबाहेर बसून खाण्यावर जास्त जातंय. बिल सगळ्यांत सारखं वाटलं जातं, असंही तुम्ही लिहिलंय. महिन्याला चार ब्रंच होतात. डाइव्हच्या दिवसांचे दोन ठेवा, बाकीचे दोन सोडा. मित्रांची साथ सुटत नाही आणि महिन्याला ५ मोकळे होतात.

त्या पैशांतून पहिल्या आठ महिन्यांत मास्क, फिन्स आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून किती वेळ खाली राहता येईल ते सांगणारं मनगटी यंत्र) घ्या, तेही रोखीनं. तुमच्या यादीप्रमाणे तिन्ही मिळून ४० च्या आत बसतात. मास्क चेहऱ्याला नीट बसला पाहिजे, आणि दुसऱ्या डाइव्हचा हिशोब करणारा कॉम्प्युटर पहिल्या डाइव्हलाही तुमच्याच मनगटावर असायला हवा. बीसीडी, रेग्युलेटर आणि वेटसूट सध्या भाड्यानंच असू द्या.

पण या खरेदीच्याही आधी विमा. इथे मला खरंच काळजी वाटते. तुम्ही जोडलेल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले आहेत. डीकम्प्रेशन सिकनेस (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) झाला तर दाबकक्षात ऑक्सिजनवर उपचार करतात; नेहमीच्या पद्धतीत एक सत्र पाच तासांच्या आसपास चालतं, आणि एका सत्रात भागतंच असं नाही. जवळ दाबकक्ष नसेल तर तिथवर नेण्याचा खर्च वेगळा. डायव्हरसाठी खास अपघात विमा असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही १९८० साली सुरू झालेली संस्था याच कामात आहे. असा विमा घ्या आणि त्यातली खोलीची अट नीट वाचा. तुमचं प्रमाणपत्र ओपन वॉटरचं आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंतचं, आणि ग्रुप २५ मीटरवर जातो म्हणता. प्रमाणपत्राबाहेरच्या खोलीवर अपघात झाला तर दावा अडू शकतो. जिवाला धोका आहे तो वेगळाच. म्हणून किटच्या आधी ३० मीटरपर्यंतचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करा आणि तोवर १८ मीटरपेक्षा खोल जाऊ नका. टर्म विम्याच्या अर्जात डायव्हिंगचा उल्लेख केला नसेल तर कंपनीला लेखी कळवा. विम्याचा हप्ता थोडा वाढला तरी चालेल, घरच्यांचा दावा त्यावरून नाकारला जायला नको.

आणि ते संध्याकाळचं धावणं दुसऱ्या दिवशी न्या. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावरही कित्येक तास बाहेर पडत असतो, आणि त्या काळात दमछाक केली तर बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. डायव्हिंगचे डॉक्टर डाइव्हनंतर जोरकस व्यायाम टाळायला सांगतात. तुमच्या प्रकृतीबद्दल त्यांनाच विचारा.

वर्षभरानं, विमा चालू असेल, निधी तीन महिन्यांपर्यंत पोचला असेल आणि १५ तरी दिवस पाण्यात गेला असाल, तर आकडे पुन्हा पाठवा. तेव्हा आधी रेग्युलेटर रोखीनं घ्यायचा का, ते पाहू.